वहिवाट

शिरस्तेदार : अगं, जरा हातातले काम ठेव आणि ऐक. सूर्योदयापूर्वी, अंगणातले धुके अद्याप विरले नव्हते अशा वेळी, तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर जो करडा धोबी शेपूट खालीवर नाचवीत उभा होता, त्याची नोंद मी आज रीतसर पूर्ण केली. मूळ वास्तव्य, हिमालय व त्यापलीकडील मुलूख, आगमन, पाऊस सरतासरता, वहिवाटीचा प्रकार, हंगामी, शेरा, निरुपद्रवी.

घरधनीण : कट्ट्यावर तो जे काही ठेवून गेला ते मी आत्ताच धुऊन आले. ते शेऱ्यात आले आहे का?

शिरस्तेदार : असल्या क्षुल्लक बाबींना नमुन्यात रकाना नसतो. मोठी गोष्ट पाहा. मुंबईत अशाच एका धोब्याच्या पायात वळे अडकवून त्याला सोडून दिले, तर तो पक्षी पुढल्या हिवाळ्यांत पुन्हापुन्हा नेमका त्याच हिरवळीच्या तुकड्यावर उतरला. वाटेत एवढे डोंगर, एवढ्या नद्या, आणि तरी चतुःसीमा चुकली नाही! वहिवाट सिद्ध करायला याहून बळकट पुरावा दिवाणी न्यायालयातही मी पाहिला नाही.

घरधनीण : पर्वत ओलांडून येणाऱ्या पाखराला अंगण सापडते, आणि आपल्या थोरल्याला मुंबईहून यायचे तर महामार्गाचे चौपदरीकरण पुरे व्हावे लागते. त्यालाही घ्या तुमच्या वहीत. वहिवाट हंगामी, हंगाम आंब्याचा.

शिरस्तेदार : तू प्रत्येक गोष्टीची थट्टा करतेस. सारा जन्म मी इतरांच्या जमिनींचे अभिलेख नीट ठेवण्यात घालवला. आता पेन्शनीत येऊन वाडवडिलांच्या या घरात राहू लागलो आहे, तर या घराच्या चतुःसीमेत ज्या ज्या जीवमात्राचा राबता आहे त्याचाही अभिलेख असावा, एवढीच माझी आकांक्षा. गाव नमुना सातमध्ये 'इतर हक्क' म्हणून रकाना असतो, हे तुला ठाऊक आहे. भोगवटादार एक असला, तरी विहिरीच्या पाण्यावर, पायवाटेवर, एखाद्या फणसाच्या झाडावर दुसऱ्या कोणाचा हक्क असेल तर तो तेथे नमूद होतो. निसर्गाचे नेमके तेच आहे. आपण भोगवटादार, बाकीचे सारे इतर हक्कांत.

घरधनीण : भोगवटादार म्हणून कोणाचे नाव लावलेत?

शिरस्तेदार : मिळकत वडिलोपार्जित आहे. अर्थात माझे.

घरधनीण : आणि मी कोणत्या रकान्यात आहे?

शिरस्तेदार : तू म्हणजे... तू घरातलीच.

घरधनीण : मांजर कोणत्या रकान्यात आहे?

शिरस्तेदार : मांजर इनामदार. पाणचुलीतली उबदार राख हा तिचा सरंजाम. सारा माफ, चाकरी माफ, उंदीर धरण्याची अट पूर्वी होती, ती अंमलात नसल्यामुळे रद्दबातल.

घरधनीण : म्हणजे मांजराची नोंद आहे, आणि पहाटे उठून ती राख उकरून, मांजराला उचलून, पाणी तापवणारीची नाही. चालू द्या. कुत्र्याचे काय केलेत?

शिरस्तेदार : कुत्रा वतनदार. रात्रीची राखण ही त्याची चाकरी. पडवीचा पूर्वेकडचा कोपरा आणि दोन वेळची भाकरी हे वतन.

घरधनीण : वतने केव्हाच गेली ना? तुमच्याच तोंडून ऐकले आहे.

शिरस्तेदार : 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने नष्ट झाली हे खरे, परंतु...

घरधनीण : मग याचेही खालसा करा. परवा विहिरीच्या वाटेवर बिबट्याचा करवत ओढल्यासारखा आवाज आला, तेव्हा तुमचा वतनदार पडवी, भाकरी आणि इमान एकदम टाकून माजघरात आला आणि माझ्या गोधडीत शिरला. पहाटेपर्यंत थरथरत होता. राखण झाली, नाही असे नाही. पण ती मी त्याची केली.

शिरस्तेदार : त्यात त्याचा दोष नाही. बिबट्याला कुत्रा विशेष प्रिय असतो. वस्तीजवळ येणाऱ्या बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा असतो, हे तज्ज्ञांनी तपासून सांगितलेले आहे.

घरधनीण : तर मग त्याचे कुत्र्यावरचे प्रेम तुमच्यापेक्षा खरे म्हटले पाहिजे. निदान कुत्र्याला फिरवून आणायला तो स्वतः येतो, मला पाठवत नाही.

शिरस्तेदार : (लिहीत) बिबट्या : फिरतीवरील अंमलदार, मुक्काम अनिश्चित.

घरधनीण : कठडा नसलेल्या विहिरीत पडला म्हणजे मुक्काम निश्चित होतो. खालच्या वाडीत पडला होता तेव्हा वनखात्याचा पिंजरा येईस्तोवर गाव जमला, पोलीस जमले, पंच जमले, आणि तुम्ही सर्वांना आपल्या ओटीवर घेऊन आलात. पंचनाम्यात बिबट्याची लांबी लिहिली, विहिरीची खोली लिहिली. चहा कोणी केला ते कोणी लिहिले नाही.

(येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे की शिरस्तेदारांचा हा छंद लोकविलक्षण नाही. निवृत्तीचा पैसा हाती येताच गावचे घर शाकारून, चार पिंजरे-वाडगी मांडून, येणाऱ्या-जाणाऱ्याला 'आमच्याकडे पहाटे काय काय येते' हे ऐकवणारे गृहस्थ हल्ली रत्नागिरी जिल्ह्यात गावागणिक भेटतात; आणि प्रत्येक ठिकाणी केरसुणी वेगळ्याच हाती असते.)

शिरस्तेदार : बरे, माळ्यावरच्या कांडेचोराविषयी तरी तुझी काही तक्रार नसावी. निशाचर प्राणी, दिवसा त्याचे दर्शनही नाही. शिवाय त्याच्या वास्तव्याला एक सुगंध आहे. सबंध माळा आंबेमोहोर तांदूळ शिजत असल्यासारखा दरवळतो.

घरधनीण : दरवळतो कसला? मध्यरात्री उठून तुम्ही मला हलवलेत आणि 'भात लावलास का' म्हणून विचारलेत. मी म्हटले, भात नव्हे तो, तुमच्या पाहुण्याची लघुशंका आहे. तर तुम्ही 'वा!' म्हणून कंदील घेऊन माळ्यावर चढलात. लग्न होऊन या घरात आल्यापासून माझ्या हातच्या भाताला एकदाही 'वा' मिळाला नाही.

शिरस्तेदार : मी त्याच्यासाठी केळी ठेवतो ती याचसाठी. भुकेने तो माडीच्या मडक्यांत तोंड घालतो. वेळेवर केळी मिळाली तर व्यसनापासून दूर राहील.

घरधनीण : आणि केळ्यांचे पुढे जे होते ते बियांसकट माझ्या पापडांच्या डब्यावर. धामणीचेही सांगून टाका एकदाचे.

शिरस्तेदार : धामण कणगीमागे राहते आणि उंदीर खाते. बिनविषारी, सालस. थंडीने आखडते, म्हणून दुपारी खळ्यात उन्हाला येऊन पडते, एवढाच तिचा उपसर्ग. उंदरांच्या रूपाने ती नियमित खंड भरते, तेव्हा मी तिला कूळ म्हणून लावले आहे.

घरधनीण : कूळ! मग पुढला कायदाही सांगा. मी तुमच्या कचेरीची पायरी चढले नसले तरी एवढे मला कळते, की 1948 च्या कुळकायद्यानंतर 'कसेल त्याची जमीन' झाली आणि 1 एप्रिल 1957 ला कुळे मालक झाली. उद्या धामणीने कणगी मागितली तर तुम्ही फेरफार घालून मोकळे व्हाल, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण जी बाई हे घर, हा माळा, ही ओटी आणि हे खळे रोज झाडते, तिच्यासाठी 'झाडील तिचे घर' असा एखादा कायदा विधिमंडळाने कधी केला का, तेवढे पाहून सांगा.

शिरस्तेदार : (विषय बदलून) देवराईतल्या सातविणीवर धनेशाची जोडी फिरू लागली आहे. आता थोड्याच दिवसांत मादी ढोलीत बसेल, आणि आतून ढोलीचे तोंड विष्ठेने व मातीने लिंपून घेईल. चोचीपुरती एक फट तेवढी ठेवील. मग पिल्ले वाढेपर्यंत नर उंबराची-वडाची फळे आणून त्या फटीतून तिला भरवीत राहील. काय ही निष्ठा! काय हा गृहस्थाश्रम!

घरधनीण : विष्ठेचा भाग सोडून बाकी मला पसंत आहे. माजघराचे दार मी आतून लिंपून घेते. एक फट ठेवते. फळेच हवीत असे नाही, पिठले-भाकरी चालेल. किती दिवस आणाल?

शिरस्तेदार : हे पाहा...

घरधनीण : पहिल्याच दिवशी फटीतून विचाराल, मिठाचा डबा कुठे आहे.

शिरस्तेदार : ठीक आहे, ठीक आहे. एक नोंद तेवढी राहिली आहे, वानरांची. टोळी मोठी आहे, रोज सकाळी उन्हे आली की पिंपळावरून उतरते, मी ओटीवर केळी आणि भिजवलेले हरभरे ठेवतो ते शिस्तीने खाते. मी 'सार्वजनिक वहिवाट' असे लिहावे म्हणतो.

घरधनीण : नाही. ती नोंद मी करू देणार नाही.

शिरस्तेदार : का?

घरधनीण : कारण शिस्तीने खाऊन ती टोळी पिंपळावर परत जात नाही, शेजारच्या परड्यात जाते. भात कापल्यावर शेजाऱ्यांनी त्या ओलीवर कडवे वाल टाकले होते. शेंगा धरल्या होत्या. काल जाऊन पाहिलेत? वेल उपटलेले, शेंगा अर्ध्या चावून टाकलेल्या. माडाखाली कोवळ्या नारळांचा खच, आणि गोठ्यावरच्या मंगलोरी कौलांचे तुकडे. तो माणूस दिवस उजाडल्यापासून गोफण घेऊन बांधावर बसतो. रात्री गार वाऱ्यात पुन्हा रानडुकरांसाठी बसतो. त्याला पेन्शन नाही.

शिरस्तेदार : वानरांनी खावे काय मग? डोंगर त्यांचा होता. आपण त्यांच्या मुलखात अतिक्रमण केले.

घरधनीण : 'आपण' म्हणजे कोण? शेजाऱ्यांचे पणजोबा याच खाचरात नांगर धरत होते. कचेरीच्या गावी अख्खी नोकरी काढून कालपरवा इथे येऊन बसलो ते तुम्ही-मी. अतिक्रमणाची नोंद करायचीच तर आपल्यापासून करा.

शिरस्तेदार : 1972 चा वन्यजीव कायदा...

घरधनीण : मारा असे मी म्हटले का? शेजारीही म्हणत नाही. मारुतीचे रूप म्हणून तो त्यांना हात जोडतो आणि मग हाकलतो. मी एवढेच म्हणते की बोलावू नका. तुम्ही बोलावता, तो हाकलतो आणि मी झाडते. आणि निसर्गप्रेमी म्हणून वाचनालयाच्या सभेत नारळ तुम्हाला देतात. तोही त्याच्याच माडाचा असतो.

शिरस्तेदार : (आवाज चढवून) डोंगरावरचे उंबर, बेहडे, वड तोडून कोळशाला आणि लाकडाला गेले, तेथे काजूच्या बागा लागल्या, म्हणून ती जनावरे खाली उतरतात! माझ्या चार केळ्यांनी ती आलेली नाहीत!

घरधनीण : ते खरे आहे. माझी त्यावर काही हरकत नाही. पण झाडतोडीच्या त्या अर्जांवर 'हरकत नाही' असे शेरे कोणाच्या कचेरीतून जात होते?

(बराच वेळ कोणी बोलत नाही. वतनदार एकदा या तोंडाकडे, एकदा त्या तोंडाकडे पाहतो आणि पडवीच्या कोपऱ्यात जाऊन बसतो.)

शिरस्तेदार : मी शेरा मारीत नव्हतो. मी प्रकरण पुढे पाठवीत होतो.

घरधनीण : बरे.

शिरस्तेदार : शेजाऱ्यांना नुकसानभरपाई मिळू शकते. मी स्वतः अर्ज लिहून देतो. पंचनामा, छायाचित्र, सातबारा...

घरधनीण : सातबारा सामाईक आहे. त्यावर चुलत्या-पुतण्यांची इतकी नावे आहेत की पान पुरत नाही. त्यांतली निम्मी मुंबईला आहेत आणि उरलेली स्वर्गात. संमतीपत्रावर सह्या आणायला कोणाला पाठवता? धोब्याला?

शिरस्तेदार : तू उगाच त्रागा करतेस. तुझे म्हणणे मी हरकत म्हणून नोंदवून घेतो. नोटीस काढू, 15 दिवसांची मुदत असते, मग सुनावणी.

घरधनीण : आणि तोवर?

शिरस्तेदार : तोवर परिस्थिती जैसे थे.

घरधनीण : म्हणजे केरसुणी माझ्याच हाती.

शिरस्तेदार : तात्पुरत्या स्वरूपात. बरे, ते राहू दे. ऊन कलले, कांडेचोराची केळी ठेवायला हवीत. न्हाणीघरामागे टांगलेला घड दिसत नाही तो?

घरधनीण : शेजारी दिला.

शिरस्तेदार : सगळा?

घरधनीण : सगळा. त्यांची मुले सकाळपासून वाल वेचीत आहेत, चावलेले एका बाजूला आणि बरे एका बाजूला. हरभरेही दिले.

शिरस्तेदार : आणि आज रात्री कांडेचोर आला म्हणजे?

घरधनीण : शेजारी जाईल. त्यांच्या घराची वाट त्याला माहीत आहे.

शिरस्तेदार : (वही मिटतात, पुन्हा उघडतात, चष्मा पुसतात) पोच घेतलीस का?