काकूंचा काटा

साळिंदराचा काटा घरात ठेवला की भांडणं होतात, असं आमच्या शेजारच्या काकू ठामपणे सांगतात. त्यामुळे भाचा शिकायला परदेशी जाताना आपला हेजहॉग ऐरोलीला आमच्या गळ्यात टाकून गेला, तेव्हा त्यांनी दारातूनच कपाळाला हात लावला. इथे तर काटे हजारोंनी!

"काकू, हे साळिंदर नव्हे हो. साळिंदर उंदराच्या गोतातलं; हा चिचुंद्रीचा लांबचा भाऊ."

झालं! काकूंनी नाकाला पदर लावला. आपल्याकडचे हेजहॉग राजस्थान-गुजरातच्या कोरड्या रानात असतात, त्यांना पकडणं गुन्हा, हा आफ्रिकी जातीचा आणि पिंजऱ्यातच जन्मलेला, हा पुढचा खुलासा मी बंद दाराला केला.

हा गृहस्थ दिवसभर झोपतो आणि रात्रभर चाकावर धावतो. धावता धावताच शी करतो आणि तीच तुडवत काही किलोमीटर जातो. सकाळी चाक शेणानं सारवल्यासारखं दिसतं. ते कोमट पाण्यात भिजवायचं आणि जुन्या टूथब्रशनं खाचाखाचांतून घासायचं, तेही बाथरूममध्ये. स्वयंपाकघराच्या सिंकजवळ न्यायचं नाही, कारण याच्या विष्ठेत साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. चाक कोणी धुवायचं, यावरून आमच्याकडे पहिलं भांडण झालं.

दुसरं अंथरुणावरून. सुताराकडून फुकटचा भुसा आणावा, ही माझी काटकसर. पण प्लायवूडच्या भुशात गोंद असतो आणि देवदाराचा वास याच्या श्वासाला बाधतो. शेवटी फ्लीसचे तुकडे आले, सुटे धागे नीट कापलेले. नाहीतर त्यात बोटं अडकतात. जुलैत खाडीवरच्या दमट हवेत आमचे टॉवेल तीन-तीन दिवस ओले. याचं अंथरूण मात्र हॉलमध्ये, पंख्याखाली.

एकदा मी उत्साहानं पिंजरा सुगंधी फिनेलनं पुसला. आत सोडताच यानं फरशी हुंगली, चाटली, तोंडाला फेस आणला, मान पार उलटी वळवली आणि तो फेस जिभेनं पाठीवरच्या काट्यांना फासायला लागला. माझे हातपाय गळाले. फोनवर डॉक्टर हसले. "नवा वास आला की ही मंडळी असंच करतात. का करतात, ते अजून नक्की कोणाला सांगता आलेलं नाही. पण फिनेल याच्या पोटात जायला नको. ते धुऊन टाका; पुढच्या वेळी व्हिनेगर-पाण्यानं पुसा आणि कोरडं करा."

व्हिनेगर पिंजऱ्याला वापरायचं की सॅलडला, हे तिसरं भांडण.

काकूंचं म्हणणं मी आता खोडून काढत नाही. या आठवड्यात चाक माझ्याकडे आहे.