व्हाया फ्रँकफर्ट

आमच्या सोसायटीत कुणाच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा उमटला, की त्यांचे पेढे यायच्या आधी नाना येतात. एका हातात बॅग लटकवून तोलायचा काटा, दुसऱ्या हातात फाइल. पाटबंधारे खात्याच्या अकाउंट्समधून रिटायर होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. मुलगा न्यू जर्सीत. सात वाऱ्या झाल्यात, पण नाना सांगताना ‘चौदा वेळा अटलांटिक’ असं सांगतात. पंढरपूरहून परत येणं कुणी वारीत धरत नाही. नानांची नोंद मात्र दुहेरी पद्धतीची, जाणं आणि येणं वेगळं.

“थेट विमान आहे का?” आल्या आल्या त्यांनी विचारलं.

“नाही. फ्रँकफर्टवरून.”

त्यांचा चेहरा उजळला. थेट जाणाऱ्यांबद्दल नानांना जे वाटतं, ते पायी चाललेल्या वारकऱ्याला हेलिकॉप्टरने पंढरपूर गाठणाऱ्याबद्दल वाटत असावं. पाप असं काही नाही. पण पुण्यही नाही.

मग चष्मा लावून त्यांनी तिकिटावरची सर्वांत बारीक अक्षरं वाचली. नाना ठळक छापलेलं काही वाचतच नाहीत. “हे पाहिलंत का? ऑपरेटेड बाय. तिकीट एका कंपनीचं, विमान दुसरीचं. पत्रिका एका घरची आणि पंगत दुसऱ्याच्या मांडवात. म्हणून सामानाचा नियम आपल्या तिकिटावरचा वाचायचा, मेव्हण्याने सांगितलेला नाही.” आणि मला सामानाचा नियम माझ्या मेव्हण्यानेच सांगितला होता.

आमच्या तिकिटावर माणशी 23 किलोच्या दोन बॅगा होत्या. “तेवीस म्हणजे साडेबावीस,” नाना म्हणाले. विमानतळावरचा काटा आणि घरचा काटा यांच्यात अर्ध्या किलोचं भाऊबंदकीचं वैर असतं, असं त्यांचं निरीक्षण आहे. पुढचा तासभर ते बॅगा उचलत, आकडे सांगत, आणि आमची ही एका बॅगेतला डबा दुसरीत टाकत होती. करंजीसाठी घेतलेल्या खोबऱ्याच्या वाट्या त्यांनी स्वतः बाहेर काढल्या. सुकं खोबरं आपोआप तापून पेट घेणाऱ्या मालात मोडतं आणि विमानात ते चालत नाही, हे ऐकून ही माझ्याकडे बघत राहिली. मीही आजवर खोबऱ्याकडे त्या नजरेने पाहिलं नव्हतं.

हापूसचं तर नावच नको. आंबा 2007पासून अमेरिकेला रीतसर जाऊ लागला, पण तो लासलगावला विकिरणाची प्रक्रिया होऊन. “कांद्याच्या गावात जाऊन आंबा शुद्ध होतो, तुमच्या हँडबॅगेत नाही,” इति नाना. तिथल्या विमानतळावर फळं हुंगून काढणारी बीगल जातीची कुत्री असतात. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, चकल्या यांना हरकत नाही, पण खाण्याचं काही आहे का असं विचारलं तर ‘हो’ म्हणायचं. “नाही म्हणून सापडलात तर दंड. हो म्हणालात तर फार तर दोन प्रश्न. सरकारी माणसापुढे आपण होऊन कबूल करणारा माणूस त्याचं काम वाढवतो, म्हणून तो त्याला लवकर सोडतो.” हा सिद्धांत पाटबंधारे खात्यात सिद्ध झालेला होता.

हातातल्या पिशवीत 100 मिलीलीटरच्या वर जे जे ओघळतं ते ते बाद. तूप, लोणचं, गुळांबा, सगळं. थिजलेलं तूप हा घन पदार्थ आहे, असा युक्तिवाद नानांनी तिसऱ्या वारीत करून पाहिला होता. तूप तिथेच राहिलं.

पण नानांचं खरं क्षेत्र म्हणजे विमानातलं जेवण. त्यासाठी मला त्यांच्या घरी बोलावलं गेलं. देवघराशेजारी संगणक, आणि देवघरात गंगेच्या सीलबंद गडूला खेटून एक बोटभर उंचीचं निळं-पांढरं चिनी मातीचं घर. मी त्याकडे बघतोय तोवर नानांनी फाइलमधून कागद काढला. त्यावर चार-चार अक्षरांचे मंत्र होते.

“हिंदू मील घेऊ नका.”

“का? आपण हिंदूच आहोत की.”

“आहोत. पण एचएनएमएल म्हणजे हिंदू नॉनव्हेज मील. त्यात गोमांस नसतं, एवढंच त्यातलं हिंदुत्व. कोंबडी असते. पहिल्या वेळी आमच्या हिने झाकण उघडलं आणि पुढचे नऊ तास तिने माझ्याशी अबोला धरला.” दुसऱ्या वेळी नानांनी व्हीजीएमएल मागवलं. ते व्हेज निघालं, पण इतकं कडक, की दही, चहात दूध, लोणी काही नाही. एकादशीचा उपास त्यापेक्षा चमचमीत. तिसऱ्या वेळी एव्हीएमएल, म्हणजे आशियाई शाकाहारी, हे सापडलं आणि नाना थांबले. कांदा-लसूण नको असणाऱ्यांसाठी जैन मील, व्हीजेएमएल. आणि हे सगळं किमान 24 तास आधी कळवायचं. विमानात बसल्यावर “व्हेज आहे का हो?” म्हणणाऱ्याला पास्ता मिळाला तर नशीब.

विशेष जेवणाचा एक फायदा नाना आवाज खाली आणून सांगतात. ते सगळ्यांच्या आधी येतं. अख्खं विमान भुकेलं बसलेलं असताना तुमच्यापुढे छोले. तोटा ते सांगत नाहीत. तो मी अनुभवला. आपलं जेवण संपतं, मग इतरांचं येतं, आणि तो रिकामा ट्रे मांडीवर घेऊन आपण पाऊण तास पाटावर बसवलेल्या नवरदेवासारखे अडकून राहतो.

चव लागणार नाही, हेही त्यांनी बजावून सांगितलं होतं. केबिनमधली हवा कोरडी आणि कळसूबाईच्या माथ्यावरच्या हवेहूनही विरळ, सहा ते आठ हजार फुटांवर असावी तशी. त्यात मीठ आणि गोड जिभेला कमी जाणवतं. लुफ्तान्सासाठी जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने यावर अभ्यासही केलाय. टोमॅटोचा रस मात्र वर जास्त गोडीने प्यायला जातो. त्यामुळे एरवी टोमॅटोचं सार बघून नाक मुरडणारे नाना विमानात बसले की टोमॅटो ज्यूस मागतात. पाणी मागताना ‘स्टिल’ म्हणायचं, नाहीतर बुडबुड्यांचं येतं आणि औषधाच्या गोळीबरोबर ते प्यायलं की ठसका लागतो. परदेशी हवाईसुंदरीला नुसतं ‘वॉटर’ म्हणू नये, ‘प्लीज’ लावावं. नानांच्या मते त्या एका शब्दावर दुसरी बिस्किटं मिळतात. आणखी एक प्रेमाची जागा म्हणजे लुफ्तान्साचं ए-340-600 हे लांबुळकं विमान. त्यात इकॉनॉमीची स्वच्छतागृहं जिना उतरून खाली असतात. नाना गरज नसताना तीनदा जाऊन येतात. “पस्तीस हजार फुटांवर तळघर!”

फ्रँकफर्टला चालायचं किती, याचा अंदाज देताना त्यांनी ‘कोथरूड डेपो ते नळस्टॉप’ हे माप वापरलं. ते जरा जास्त निघालं. अमेरिकेच्या विमानाआधी पुन्हा कागदपत्रं, पुन्हा प्रश्न. काकू, म्हणजे नानांच्या सौभाग्यवती, यासाठी व्हीलचेअर मागतात. गुडघे धडधाकट आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच, की खुर्ची ढकलणारा माणूस गेट चुकत नाही आणि ‘हे’ चुकतात. हे मला पटत नाही. खरोखर पाय दुखणारी माणसं त्या रांगेत खोळंबतात. पण काकूंपुढे मी बोललो नाही. ॲम्स्टरडॅममार्गे गेलात तर आणखी एक भीती. उशीर करणाऱ्या प्रवाशाचं नाव घेऊन ‘तुमच्यामुळे विमान खोळंबलंय, तुमच्या बॅगा उतरवतोय’ असं स्किपोल विमानतळावर पुकारतात. आपलं आडनाव डच उच्चारात ऐकायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये, असं नाना म्हणतात.

सर्वांत शेवटी फाइलमधला लॅमिनेट केलेला कागद. युरोपीय संघाचा 2004चा नियम क्रमांक 261. इतर माणसं विष्णुसहस्रनाम म्हणतात, नाना हा म्हणतात. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघालेलं विमान, कंपनी कुठलीही असो, साडेतीन हजार किलोमीटरच्या पुढे जाणारं, आणि पोचायला चार तासांहून जास्त उशीर; तर माणशी 600 युरो. वादळ, बर्फ असली कारणं असतील तर नाही. पाचव्या वारीत एका कंपनीचं विमान बिघाडामुळे पाच तास उशिरा पोचलं. नानांनी खात्याच्या इंग्रजीत ‘उपरोक्त विषयान्वये’ थाटाची पत्रं धाडली. एक, मग स्मरणपत्र, मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र. सहा महिन्यांनी दोघांचे मिळून 1,200 युरो आले. तेव्हापासून, काकू सांगतात, विमान वेळेवर पोचलं की यांचा चेहरा उतरतो.

न्यू जर्सीतही मला नाना भेटले. ते त्यांच्या मुलाकडे, मी माझ्या मुलीकडे, मध्ये चाळीस मैल. नाना गाडी चालवत नाहीत. घराबाहेर फुटपाथ नाही. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, दुपारचे नाना खिडकीशी. मायक्रोवेव्ह लावतानाही त्यांनी नातीला हाक मारली. मुंबई ते न्यूअर्क या प्रवासात जो माणूस अख्ख्या रांगेला नियम समजावतो, त्याला इथे दूध आणायला शनिवारची वाट बघावी लागते. आम्ही निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, “परतीला वारा पाठीशी असतो. येताना तासभर लवकर पोचाल.”

पोचलो. नानाही परत आल्यावर त्यांना सांगितलं तर म्हणाले, “लवकर? काहीच झालं नाही? बॅगसुद्धा आली?” इतकं वाईट वाटलं त्यांना, की मी एका बॅगेचं चाक तुटल्याचं सांगून टाकलं. चाक जुनंच मोडकं होतं. नाना लगेच फाइल आणायला उठले.

त्या वेळी काकू देवघर आवरत होत्या. ते निळं घर काय आहे, हे मला मुलीने तिकडे सांगितलं होतं. केएलएम ही डच कंपनी 1952पासून वरच्या वर्गाच्या प्रवाशांना असं डेल्फ्ट घर देते, आणि त्याच्या पोटात जेनेव्हर, म्हणजे डच जिन, भरलेली असते. नानांच्या पुतण्याने ते आणून दिलं होतं. मी तोंड उघडणार तोच नानांनी डोळ्यांनी खूण केली. काकूंनी पूर्वी एकदा विचारलं होतं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “सीलबंद आहे. तिकडचं पाणी.”

संकष्टीला काकू गंगेच्या गडूबरोबर त्याच्यावरही हळदकुंकू वाहतात.