अडीचचा द्या

आमच्या फ्रिजविरुद्ध जगातल्या झाडून सगळ्या देशांनी सह्या केल्या आहेत. मेकॅनिक एवढंच म्हणाला होता, "काका, चालतोय तोवर चालवा. यातला गॅस गेला तर तो आता येतच नाही." बाकीचं मी शोधून काढलं. आत आर-12 आहे. ओझोनच्या थराची वाट लावणारे हे वायू आवरायला 1987 साली माँट्रियलला करार झाला, आणि 2010 उजाडेपर्यंत आपल्यासारख्या देशांतूनही ते हद्दपार झाले. फ्रिज आम्ही घेतला 1994 साली, म्हणजे करारानंतर चक्क सात वर्षांनी. इतक्या वरच्या दर्जाचा फरारी आरोपी आपल्या स्वयंपाकघरात दूध-दही सांभाळत बसलाय, याचा मला थोडा अभिमानच वाटला. सोसायटीत आहे का दुसऱ्या कुणाकडे?

"मग आता तरी नवा घेऊ या," बायको म्हणाली.

दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की वस्तू काढायची, असा ढोबळ हिशेब सगळेच सांगतात. त्या हिशेबाने मी जिंकत होतो. दाराचं रबरी गॅस्केट कडक झालंय, दार घट्ट बसत नाही, म्हणून कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. एक गॅस्केट! काही शेकड्यांचं काम. आणि "काही शेकड्यांत भागलं" हे चारचौघांत म्हणण्यात जे सुख आहे, ते शोरूममधून पेढे घेऊन येण्यात नाही.

हे सुख मला पहिल्यांदा पंख्याने दिलं. छताचा पंखा मंदावला की लोक म्हणतात, मोटार गेली. मोटार कुठेही गेलेली नसते. घरातल्या एका फेजच्या विजेवर कुठल्या बाजूला फिरायचं तेच मोटारीला ठरवता येत नाही. म्हणून आत वाइंडिंग दोन असतात, आणि त्यांच्यातल्या प्रवाहांची वेळ पुढंमागं करायला एक कपॅसिटर असतो. बहुतेक पंख्यांत अडीच मायक्रोफॅरडचा. वयोमानाने तो मुळमुळीत होतो आणि पंखा नुसता असल्यासारखा असतो. अशा वेळी पुण्यात तपकीर गल्ली गाठायची. काउंटरवर "पंख्याचा कपॅसिटर आहे का हो?" असं विचारतो तो गिऱ्हाईक. मी म्हणतो, "अडीचचा द्या." दुकानदार मान वर करून बघतसुद्धा नाही, मागच्या खोक्यात हात घालून काढून देतो. त्याचं ते न बघणं ही मला आयुष्यात मिळालेली सगळ्यात मोठी पदवी आहे. कागदावरची पदवी बी.कॉम.ची आहे.

तेव्हापासून कुणाच्याही घरी गेलो की माझी नजर आधी छताला लागते. मध्यंतरी एका ओळखीच्या घरी भेटायला गेलो होतो, दहावा व्हायचा होता. वहिनी रडत होत्या, मी वर बघत होतो. सगळ्यांना वाटलं, यांना डोळ्यांतलं पाणी आवरत नाहीये. निघताना मी त्यांच्या मुलाला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणालो, "अडीचचा टाक." त्याने गंभीरपणे मान हलवली. नंतर कळलं, त्याने गुरुजींना विचारलं होतं, अडीच काय, तांदूळ की दक्षिणा?

पण माझं राज्य पंख्याशीच संपतं. वॉशिंग मशीन बंद पडलं तेव्हा आलेल्या मुलाने पान्ह्याला हात न लावता निकाल दिला, "कार्ड गेलंय." कार्डावरचं नेमकं काय गेलं, हे शोधायचं त्याच्या कामात बसतच नव्हतं. ओल लागू नये म्हणून कार्डावर राळेसारखा थर ओतलेला. उघडून बघायची सोयच नाही. अख्खं कार्ड बदला, नाहीतर अख्खं मशीन बदला. मला याचा मनापासून संताप येतो. स्क्रू काढून आत बघता येत नाही ती वस्तू आपली कशी? 2022 च्या डिसेंबरात सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, सुट्या भागांची, दुरुस्तीची माहिती एका जागी मिळावी म्हणून. मला हक्क मिळाला. कार्ड मिळेना. मग मी थर खरवडून कार्ड दुरुस्त करणारा माणूस हुडकायला निघालो. अशी माणसं आहेत अजून, आणि त्यांना शोधत गल्ल्या पालथ्या घालण्यासारखी मजा नाही.

तोवर घरी चादरी हाताने पिळल्या जात होत्या. मी येताजाता "वापरा आणि फेका" संस्कृतीवर बोलायचो, बायको रात्री मनगटाला बाम लावून ऐकायची. जपून वापरणारा, काही न टाकणारा म्हणून ज्यांचं नाव होतं, त्या आमच्या पिढीच्या पुरुषांच्या घरातली मनगटं एकदा तपासली पाहिजेत.

तेव्हा फ्रिजच्या बाबतीत मी फार ताणलं नाही. (शिवाय त्या मॉडेलचं गॅस्केट कुठेच मिळेना.) नवा घ्यायचं ठरलं आणि लगोलग मला औदार्याची उबळ आली. जुना मावशींना देऊन टाकायचा! त्या संकोचतील, मी "अहो, असू दे" म्हणेन, इथपर्यंत मनात सगळं बसवून झालं होतं. मावशींनी भांडी विसळता विसळता मागे वळून फ्रिजकडे पाहिलं.

"नको काका. हा तर थांबतच नाही. बिल कोन भरनार? आमचं शंभर युनिटाच्या आत बसतंय. त्याच्या वर गेलं की दर चढतो."

महावितरणचा तो शंभराचा टप्पा मी बिलावर नेहमी वाचतो, त्याच्या आत राहून कधी पाहिलेलं नाही.

"आन् आमी दिवाळीला घेतला की फ्रिज. हप्त्यावर. पाच स्टारवाला."

काहीतरी सांगायलाच हवं म्हणून मी सांगितलं, की स्टारचे निकष अधूनमधून कडक करतात, आजच्या पाचाचा उद्या चार होतो.

"हप्ते फिटंपर्यंत ऱ्हाऊ दे पाच," मावशी म्हणाल्या आणि कढई घासायला घेतली.

राहता राहिला भंगारवाला. "चालू आहे," मी भाव वाढवायला म्हणालो. "चालूचं काय करू साहेब? मला कॉम्प्रेसर पायजे," म्हणत त्याने मागची नळी तोडायला पक्कड काढली. मी ओरडलोच. नळी तुटली की आर-12 सरळ हवेत, आणि तापवण्याच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पट जालीम. शंभर ग्रॅम सुटला तरी एक टनाचा हिशेब. भंगारवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि पन्नास रुपये कमी केले.

शेवटी ई-कचरा गोळा करणाऱ्या एका ठिकाणी फोन केला. फ्रिज नेऊ म्हणाले. आतला गॅस काढून घ्यायचं यंत्र आहे का विचारलं, तर "सरांना विचारून सांगतो." सरांचा फोन अजून यायचाय.

तोवर जुना फ्रिज वायर गुंडाळून गॅलरीत उभा आहे. बायकोने त्यात कांदे भरलेत. दार घट्ट बसत नाही त्यामुळे आत हवा खेळती राहते, कांदा सडत नाही, असं तिचं म्हणणं. परवा तपकीर गल्लीतून फोन आला, एक जुनं गॅस्केट सापडलंय म्हणून. तो तिनेच घेतला आणि नको म्हणून सांगितलं.