नंबरआप्पा

सुरतच्या डिंडोलीत घरात कुणी आजारी पडलं, की लोक डॉक्टरच्या आधी नंबरआप्पांना गाठतात. खरं नाव रेशनकार्डावर असेल. सोसायटीत ‘नंबरआप्पा’ एवढंच चालतं. मूळ गाव अमळनेरकडचं, हयात गेली उधन्याच्या लूमच्या खात्यात. त्या खडखडाटानं कान गेले, पण सरकारी दवाखान्यात केसबारीवर, म्हणजे केसपेपरच्या खिडकीवर, कुणाचा नंबर पुकारला की आप्पांना भिंतीपलीकडून ऐकू येतो. समोरच्याला रामराम न करता विचारतात, “नंबर लागना का रे भो?”

ओळखीपाळखीच्या पेशंटसोबत जायला पिशवी कायम तयार. तीत आधारच्या चार झेरॉक्स, बसायला जुना पेपर, भाकरी-ठेचा आणि पेन. कुणी पेन मागितलं तर देतात, टोपण मात्र खिशात ठेवतात. त्यामुळे पेन हमखास परत येतं. स्मीमेर रुग्णालय महापालिकेचं, नवी सिव्हिल राज्य सरकारचं. दोन्हीकडच्या शिपायांची सुखदुःखं त्यांना पाठ. नियम एकच: सोमवारी जायचं नाही. “रविवारचे समदे आजार सोमवारी येतात.”

खाजगी दवाखान्याचं कौतुक केलं की आप्पा बाह्या सरसावतात. मेहुण्याच्या हर्नियाला खाजगीत दुसऱ्याच दिवसाची तारीख मिळाली होती. एसी, सोफा, मॅडमचं गोड बोलणं. पण अनामत भरायला आधी भिशी, मग सेठकडून उचल, मग गावचा भाऊ. दोन महिने गेले. “रांग तिथंबी होतीच,” आप्पा म्हणतात, “फक्त ती दवाखान्यात नाही, नातेवाइकांच्या दारोदार लागली.”

कुणी आयुष्मान कार्ड पुढे केलं, की तेही त्यांना तोंडपाठ. गुजरातनं 2023 मध्ये मोफत उपचारांची मर्यादा 5 लाखांवरून 10 लाखांवर नेली, हे कार्डवाल्याआधी तेच सांगतात. “पण खाजगीत कार्ड दिलं तरी अप्रूवल येईस्तोवर बाकडं सुटत नाही. सरकारी बाकडं लोखंडाचं, हे गादीचं. बूड सुखी, जीव तसाच टांगलेला.”

एकदा मी त्यांना इंग्लंडची गोष्ट सांगितली. तिथं इलाज सरकारी, फुकट. आणि मोठ्या डॉक्टरकडे पाठवल्यापासून 18 आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत, असा नियम. तोही पाळणं जमत नाही.

“अठरा हप्ते!” आप्पांचे डोळे चमकले. “डबा कोण पोचवतं?”

“रांगेत उभं राहायचं नसतं, आप्पा. घरी बसायचं. तारखेचं पत्र येतं.”

आप्पांचा चेहराच पडला. “म्हंजे पुढं कोण, मागं कोण, काहीच दिसत नाही? कोणी मधी घुसलं तर भांडायचं कोणाशी?”

गोऱ्या साहेबाची एवढी कीव आजवर कुठल्या खान्देशी माणसानं केली नसेल.