बाई, गाडी बंद पडण्यापूर्वी हे वाचा

रात्री हमरस्त्यावर बाईची गाडी बंद पडली तर तिने काय करावे, या विषयावर आपल्याकडे सल्ल्यांचा कधीच तुटवडा नसतो. रस्तासुरक्षेचे तज्ज्ञ सांगतात: गाडी डाव्या कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा, मागे लाल त्रिकोण ठेवा आणि डाव्या दाराने उतरून कठड्यापलीकडे उभ्या राहा, कारण थांबलेल्या गाडीवर मागून ट्रक आदळला तर आतले वाचणे कठीण. महिला सुरक्षेचे तज्ज्ञ सांगतात: काचा वर, दारे लॉक, काहीही झाले तरी उतरू नका. दोघांचेही म्हणणे बरोबर आहे. ट्रकचा धोका पत्करायचा की माणसाचा, एवढा किरकोळ निर्णय तेवढा बाईने घ्यायचा. ब्रिटनच्या हायवे कोडने निदान हा पेच मान्य केला आहे: कठड्यापलीकडे थांबा, कुणाची भीती वाटली तर गाडीत शिरून दारे लावा, धोका टळला की पुन्हा बाहेर या. आपल्याकडे हे दोन सल्ले दोन वेगवेगळ्या पत्रकांत राहतात आणि त्यांची कधी गाठ पडत नाही.

सल्ल्यामागची वृत्ती पाहायची तर हैदराबादचे उदाहरण पुरेसे आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात शमशाबादच्या टोलनाक्याजवळ एका तरुण पशुवैद्यक महिलेच्या स्कूटरच्या चाकातली हवा, पोलीस तपासानुसार, मुद्दाम काढण्यात आली आणि मदतीच्या बहाण्याने तिला गाठण्यात आले. तिच्यावर बलात्कार करून तिचा खून झाला. त्यानंतर तेलंगणाचे गृहमंत्री म्हणाले की तिने बहिणीऐवजी १०० क्रमांकावर फोन करायला हवा होता. घटनेच्या रात्री घरचे पोलिसांकडे गेले, तेव्हा हद्द कुणाची हा प्रश्न आधी निघाला. तक्रार नोंदवायला उशीर केल्याबद्दल तिघे पोलीस नंतर निलंबित झाले. पाठोपाठ महिलांसाठी सूचनांचे पत्रक आले आणि तिथल्या राज्य परिवहन महामंडळातल्या महिलांना रात्रपाळी देऊ नये, असे मुख्यमंत्र्यांनी सुचवले. रस्ता सुरक्षित होईना, तर रात्रीतून बाईच वजा करायची, असा हा हिशेब.

यावर हमखास प्रश्न येतो: पण रात्री एकटीने निघायचेच कशाला? निघायचे, कारण कामाला जायचे असते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने, संमती आणि संरक्षणाची सोय असेल तर, महिलांना रात्री साडेनऊनंतरही कामाची मुभा दिली आहे. त्या कायद्यात घराच्या दारापर्यंत पोचवण्याची अटही आहे; स्वतःच्या गाडीने परतणाऱ्या बाईपर्यंत मात्र पत्रकच पोचले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: व्यवस्था सुधारेपर्यंत सावध राहण्यात वावगे काय? काहीच नाही. स्टेपनीत हवा असावी, फोन चार्ज असावा, जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा पाहून ११२ फिरवावा. पण ही सावधगिरी पुरुषालाही लागू आहे, आणि तिने फार तर अडकून पडण्याचा वेळ कमी होतो. थांबलेल्या गाडीपाशी आधी कोण पोचेल, हे तिच्या हातात नाही. शिवाय रस्त्यावरच्या मदतीला राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३, तर समृद्धी महामार्ग राज्याच्या महामंडळाचा, म्हणून त्याची हेल्पलाइन वेगळी. अंधारात बाईने आधी रस्त्याचा सातबारा तपासायचा, मग मदत मागायची.

प्रत्येक किलोमीटरवर सरकार कसे उभे राहणार, हा शेवटचा युक्तिवाद. तो ऐकायला बरा वाटतो, पण २०२४ पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची यंत्रणा आहे. वेग वाढला की तिला दिसते, पट्टा लावलेला नसला की दिसते, आणि चलान न चुकता मोबाइलवर येते. भरधाव गाडीचा नंबर वाचणाऱ्या डोळ्यांना कडेला इंडिकेटर लावून थांबलेली गाडी दिसणे अवघड नसावे. फक्त तिथे चलानऐवजी मदत धाडावी लागेल. तेव्हा पुढचे पत्रक रस्ता चालवणाऱ्यांसाठी काढावे: उजेड असलेले थांबे ठेवा, सगळ्या रस्त्यांना एकच क्रमांक द्या, आणि गस्तीची गाडी किती मिनिटांत येईल ते टोलच्या पावतीवर छापा. तेवढ्या वेळात ती आली नाही, तर टोल परत करा. मग बाईला सूचना देण्याची घाई आपोआप कमी होईल, कारण वेळेवर न पोचण्याची किंमत पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाला मोजावी लागेल.