उद्यमनगर ते दुसरा मजला

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जुना लेथ बघायला आलेल्या माणसाला मिस्त्री लगेच किंमत सांगत नाहीत. आधी विचारतात, “कुठं न्यायचाय?” पुण्याहून आलेल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी “फ्लॅटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर” असं उत्तर दिलं, तेव्हा बाजूला नट आवळणाऱ्या पोराचा पाना जागीच थांबला. मिस्त्रींनी गृहस्थांकडे पाहिलं, लेथकडे पाहिलं, पुन्हा गृहस्थांकडे पाहिलं आणि चहा सांगितला.

या गृहस्थांना आपणही साहेबच म्हणू. नोकरीभर दुसऱ्यांच्या पैशांचा ताळा जमवून झाल्यावर साहेबांना आता स्वतःच्या हातांनी वाफेचं एक इवलंसं पितळी इंजिन बनवायचं होतं. हे वेड जगभर आहे. इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमध्ये मायफर्ड कंपनीने १९४६ मध्ये ‘एमएल-७’ नावाचा छोटा लेथ काढला आणि तिथल्या हौशी कारागिरांच्या कैक पिढ्या त्याच्यावर पोसल्या. पण इंग्रजाच्या घरामागे लाकडी शेड असते. घरात वातावरण तापलं की तो तिथेच मुक्कामाला जातो. पुण्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटला परसदार म्हणजे ड्राय बाल्कनी, आणि तिच्यावर वॉशिंग मशीनचा ताबा आधीपासूनचा.

चाळीसेक किलोंचा चिनी मिनी लेथही बाजारात मिळतो, दोघांनी सहज उचलावा असा. साहेबांनी त्याचा विषय काढून पाहिला. मिस्त्री म्हणाले, “त्यो लेथ न्हवं सायेब, लेथचा फोटो.” यात कोल्हापुरी अभिमान होता, तसं शास्त्रही होतं. मशीन हलकं असलं की पोलाद कापताना टूल थरथरतं आणि जॉबवर लाटा उमटतात. बिडाचं जड अंग ही थरथर पिऊन टाकतं, कारण बिडातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमध्ये ती जिरते. साहेबांना पटलं. तीन फुटी बेडचा, कोन पुलीचा, टेबलावर बसणारा एक लेथ ठरला. वजन? “दोनशे भरंल.”

गाडी ठरली टाटा एस. २००५ मध्ये ही गाडी आली आणि लोकांनी तिचं बारसं ‘छोटा हत्ती’ असं करून टाकलं. पाऊण टन वाहणाऱ्या गाडीला दोनशे किलो म्हणजे किरकोळ. अवघड होतं ते चढवणं. लेथ कसा उचलावा यापेक्षा तो कशाला धरून उचलू नये, याचेच नियम जास्त असतात. लीड स्क्रूला दोर लावायचा नाही; तो वाकला की पुढे कापलेला प्रत्येक आटा त्याची साक्ष देतो. हेडस्टॉकच्या बाजूला भार जास्त, म्हणून सॅडल आणि टेलस्टॉक दुसऱ्या टोकाला सरकवून तोल साधायचा. मिस्त्रींनी चेन ब्लॉक लावला, मशीन लाकडी ओंडक्यांवर बोल्टने आवळलं, पट्टा सैल सोडला आणि हेडस्टॉक ड्रायव्हरच्या पाठीमागे येईल असं बसवलं. बीड दाब कितीही सोसतं, पण आपटलं की चिरतं. चक मात्र साहेबांनी गोणपाटात गुंडाळून स्वतःच्या पायांशी ठेवला. नऊ-दहा किलोंचा तो तुकडा पुढे पुण्यापर्यंत त्यांना पाय हलवू देणार नव्हता.

इथवर सगळं ठीक होतं. घात केला तो साहेबांच्या वाचनाने.

त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की, बेअरिंग न फिरता नुसतं हादरत राहिलं की गोळ्या एकाच जागी घासतात आणि खळगे पडतात. हे खोटं नाही. १९३० च्या दशकात डेट्रॉइटहून रेल्वेने धाडलेल्या कोऱ्या मोटारींच्या चाकांची बेअरिंगं अशीच खराब होऊन पोहोचायची. तेव्हा साहेबांनी नियम केला: प्रत्येक टोलनाक्यावर उतरायचं आणि स्पिंडल हाताने पाव फेरा फिरवायचं.

पुण्यापर्यंत साधारण २३० किलोमीटर. किणीला उतरले, फिरवलं. फास्टॅगमुळे नाक्यावर गाडी थांबत नाही, म्हणून ड्रायव्हर पुढे जाऊन कडेला घ्यायचा आणि आरशातून बघत बसायचा. तासवडेला एका हवालदारांनी हे पाहिलं. पांढरे केस, शर्टाच्या बाह्या वर, एक हात ताडपत्रीखाली, ओठ पुटपुटताहेत (साहेब फेरा मोजत होते). हवालदार जवळ आले, बिडाचा तो काळा आकार न्याहाळला, चप्पल काढली आणि हात जोडले. ड्रायव्हरने त्यांचा गैरसमज दूर केला नाही. कागदपत्रं कुणी विचारली नाहीत.

आनेवाडी झाली, खंबाटकीचा बोगदा आला. बोगद्यापेक्षा त्याच्यापुढचं एस वळण जास्त बदनाम, आणि तिथे अपघातही पुष्कळ झालेले. ड्रायव्हरने गाडी इतकी हळू घेतली की मागचे ट्रक भोंगे वाजवून दमले. लेथ तसूभर हलला नाही. हलली ती चेंज गिअरची गोणी. ती केबिनच्या पत्र्यावर आदळली आणि ड्रायव्हर खेड शिवापूरपर्यंत एक शब्द बोलला नाही. खेड शिवापूरला साहेब उतरले, फिरवलं.

सोसायटीत पोहोचताच लिफ्टमधल्या पाटीने अडवलं: ‘४ व्यक्ती, २७२ किलो’. आपल्याकडे लिफ्टच्या हिशेबात माणूस ६८ किलोंचा धरतात. लेथ २००, सोबत साहेब ७४, एकूण २७४. दोन किलो जास्त. पैशाचा फरक राहिला तरी घरी न जाणाऱ्या माणसाला हे पटणं शक्य नव्हतं. टेलस्टॉक उतरवला, मोटर उतरवली, पुन्हा बेरीज झाली. हमालांचा मुकादम जिन्याच्या पायरीवर तंबाखू मळत शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “काका, वजनाचं राहू द्या. हे आडवं आत जातंय का, बघा.” जात नव्हतं. साडेचार फुटांचं मशीन चार माणसांच्या लिफ्टमध्ये तिरकंसुद्धा मावत नाही, आणि उभं करायला मिस्त्रींची सक्त मनाई.

मग बांबू, दोरखंड आणि जिना. जिन्याच्या वळणावर सेक्रेटरी भेटले, “फ्लॅटमध्ये कारखाना?” म्हणाले. वरून काकूंनी विचारलं, “फरशीचं काय?” काकूंचा मुद्दा जास्त वजनदार होता. घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून आखतात. म्हणून लेथ खोलीच्या मधोमध न ठेवता बीमवरच्या भिंतीलगत बसवला. वाराई ठरली होती त्याच्या दीडपट झाली आणि ती वाजवीच होती.

रात्री साहेबांनी मिस्त्रींना फोन करून सुखरूप पोहोचल्याचं कळवलं आणि बेअरिंगांची कशी काळजी घेतली तेही अभिमानाने सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. “सायेब,” मिस्त्री म्हणाले, “ह्यात बेअरिंग न्हाईतच. गनमेटलचं बुश हायत.”

पुढची कामं यापेक्षा सरळ, पण संपणारी नव्हेत. मोटर निघाली थ्री फेजची आणि घरात वीज सिंगल फेज. एक व्हीएफडी आणून आणि मोटरची जोडणी स्टारची डेल्टा करून ते भागलं. मग लेव्हल. चार पायांपैकी एक कमीजास्त आवळला तरी बिडाचा बेड पिळला जातो आणि सरळ दांडा एका टोकाला निमुळता निघतो. मीटरला ०.०२ मिलिमीटर कल दाखवणारी स्पिरिट लेव्हल एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाकडून उसनी आली. पावसाळ्यात बेडवर तेलाचा हात रोज फिरवावा लागतो. घामट पंजा टेकला तर सकाळी त्या पंजाचा तांबडा ठसा तयार.

वाफेचं इंजिन अजून कागदावर आहे. आतापर्यंत या लेथवर लेथचंच एक हँडल, लेथचेच दोन बोल्ट आणि सेक्रेटरींच्या गेटचा बुश एवढं झालं. गेटचा बुश बसल्यापासून कारखान्याचा विषय सोसायटीच्या सभेत निघालेला नाही.

एक अडचण आहे. लांब जॉबला आधार द्यायचा स्टेडी रेस्ट उद्यमनगरातच राहून गेला. कोल्हापूरहून कुणी पुण्याला येणार असेल आणि गाडीत पाच-सहा किलोंची जागा असेल, तर मिस्त्रींकडून तेवढा उचलून आणा. टोलनाक्यावर तो फिरवावा लागत नाही.