तयार स्वमत मिळेल

फेब्रुवारी-मार्च आला की बीड जिल्ह्यात कायद्याचं शिक्षण वर्गाबाहेर सुरू होतं. दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्राभोवती जमावबंदी, झेरॉक्सची दुकानं बंद, फाटकावर पोलीस, आत बैठं पथक, बाहेर भरारी पथक. पाठीशी परीक्षेतले गैरप्रकार रोखणारा 1982 चा राज्याचा कायदा. संविधानातले हक्क पुस्तकातच राहतात. कायदा मात्र असा समक्ष भेटतो, खिसे चाचपत. आणि एवढा बंदोबस्त ज्या उत्तरांसाठी, ती उत्तरं वर्षभर चौकातल्या दुकानात गाईड म्हणून राजरोस विकली जातात.

दहावीच्या 2018 च्या इतिहासाच्या पुस्तकात पहिलाच पाठ पाश्चात्त्य इतिहासलेखनाचा आहे. देकार्त, व्होल्टेअर, रांके, मार्क्स, फुको, सगळे हजर. खात्री पटल्याशिवाय काहीही खरं मानू नये, हा ज्या देकार्तचा नियम, त्याचं नाव योग्य पर्यायात बसवून गुण घ्यायचा. शंका तेवढी घ्यायची नाही. मराठीची कृतिपत्रिका तर चक्क ‘स्वमत’ मागते, आणि गाईडवाले तेही छापून देतात. परळीच्या मुलाचं स्वमत आष्टीच्या मुलीच्या स्वमताशी स्वल्पविरामासकट जुळतं. (इतकं एकमत जिल्हा परिषदेच्या सभेत झालं असतं तर निदान रस्ते तरी झाले असते.) हे विकतचं स्वमत डोक्यातून नेलं तर अभ्यास आणि बाहीतून नेलं तर गुन्हा! म्हणजे भेद मालाचा नाही, वाहतुकीच्या साधनाचा आहे.

कोणी म्हणेल, पाठांतराला नावं ठेवू नका, ती आपली परंपरा आहे. खरंच आहे. अक्षरओळख नसलेल्या वारकऱ्यांनी गाथा तोंडपाठ ठेवली. पण ती जन्मभर पुरली, पेपर संपताच विसरली गेली नाही. कापडातून मजकूर नेण्याची परंपरा म्हणाल तर तीही याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईची. तिथल्या संतकवी दासोपंतांनी (1551–1615) सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद पासोडीवर पंचीकरण हे वेदान्ताचं प्रकरण लिहिलं. फक्त ते चारचौघांत उलगडायला लिहिलं होतं, आणि लिहिणाऱ्याला समजलेलं होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लाखो उत्तरपत्रिका, नमुना उत्तर नसेल तर तपासायच्या कशा? अडचण खोटी नाही. पण उत्तर आधीच ठरलेलं असलं की ते विकता येतं, आणि विकता येतं ते लपवूनही नेता येतं. मग पथकं कितीही वाढवा. त्यापेक्षा पुस्तक उघडं ठेवून दोनच प्रश्न विचारावेत. पहिला: 10 ऑगस्ट 1763 रोजी याच जिल्ह्यात, गोदाकाठी राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजामाला हरवलं, तरी 1948 च्या पोलीस ॲक्शनपर्यंत बीड निजामाच्या राज्यात कसं? याची चिठ्ठी करायची म्हटली तरी आधी विचार करावा लागेल.

दुसरा प्रश्न कायद्याचा. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली. मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन ऊसतोडीला गेलेलं जोडपं ती फिटण्याआधी फडावरून परतलं आणि मुकादम दारात आला, तर कायदा कोणाच्या बाजूने? सकारण लिहा. केंद्रावरच्या अनेक पोरांचे आईबाप पेपरच्या दिवशीही फडावरच असतात, तेव्हा स्वमताला तोटा पडायचा नाही. मात्र या प्रश्नाचं उत्तर फुटलं, तर परीक्षा मंडळापेक्षा मुकादमालाच जास्त घोर लागेल.